प्रदर्शनात दीडशे व्हिजिटिंग कार्डं वाटली, एकाचाही फोन नाही. काय चुकतंय?

भोसरीकर_व्हीएमसी
नमस्कार मंडळी, मी आणि माझा मावसभाऊ दोघं मिळून भोसरीत जॉबवर्क करतो, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे धातूचे पार्ट बनवून देतो, भाड्याची शेड आहे, २ व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीन) आहेत. सगळं काम एकाच कंपनीचं, त्यांचं शेड्यूल पडलं की आमच्या मशीन बसून राहतात आणि हप्ता काही थांबत नाही. म्हणून गेल्या महिन्यात मोशीला एक औद्योगिक प्रदर्शन होतं तिथं तीन दिवस फिरलो, प्रत्येक स्टॉलवर जाऊन कार्ड दिलं. दीडशे तरी वाटली असतील, त्यांची पण सत्तर-एक आणली. आज वीस दिवस झाले, एक फोन नाही. आणलेली कार्डं रबर लावून ड्रॉवरमध्ये आहेत, काल काढून बघितली तर कोण काय बोललं होतं तेच आठवेना. एक जण अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगचं काम बाहेर देतो म्हणाला होता, आता त्याचं कार्ड यातलं कुठलं ते कळत नाही, याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतंय. कार्डचा खरंच उपयोग होतो का कुणाला?

चाकण_परचेस
दादा, मी १४ वर्षं व्हेंडर डेव्हलपमेंटला आहे, म्हणजे कंपनीसाठी बाहेरून काम करून देणारे शोधतो, टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो. पहिली गोष्ट, स्टॉलवर उभी असलेली माणसं स्वतःचा माल विकायला आलेली असतात, सेल्सची पोरं असतात ती, तुमचं कार्ड त्यांच्या खिशात गेलं की संपलं कारण काम बाहेर द्यायचं त्यांच्या हातात नसतंच. तिथं कार्ड देण्याआधी विचारायचं, "मशिनिंग बाहेर देता का, परचेसला कोण बघतं?" नाव मिळालं तर ते त्यांच्याकडून घेतलेल्या कार्डच्या मागे लिहून घ्यायचं. बाहेर आल्यावर लगेच, चहा प्यायच्या आधी. तारीख, कुठला पार्ट, काय बोलणं झालं, चार शब्द पुरतात.

दुसरं, तुमच्या कार्डवर काय लिहिलंय? बहुतेकांच्या कार्डवर एक गिअरचं चित्र आणि "सर्व प्रकारची मशिनिंगची कामे केली जातील" असतं. मला त्यातून काहीच कळत नाही. मला हवंय मशीनच्या टेबलाचा साइज, कुठलं मटेरियल नेहमी करता, सीएमएम (पार्टची मापं अचूक तपासायचं मशीन) आहे का तपासणी बाहेरून करून घेता, आणि शेड कुठं आहे. हे असलं की मी कार्ड वेगळं ठेवतो, कारण कधीतरी आमचा नेहमीचा व्हेंडर अडकतो आणि मला त्याच दिवशी पर्याय शोधायचा असतो.

आणि फोनची वाट बघू नका, फोन तुम्हीच करायचा. दोन-तीन दिवसांत, आता उशीर झालाय तरी करा.

निहोंगो_पुणे
मी जपानी दुभाषी आहे, सुप्याच्या जपानी औद्योगिक पार्कमधल्या आणि चाकणच्या मीटिंगांना जाते, त्यामुळे कार्डांचा विषय निघाला की राहवत नाही. त्यांच्याकडे कार्डला मेइशी म्हणतात आणि ते माणसाइतकंच मानानं घेतात. उभं राहून, दोन्ही हातांनी, अक्षरं समोरच्याला सुलटी दिसतील अशी धरून, नाव सांगत द्यायचं. लहान पदावरच्यानं आधी द्यायचं आणि आपलं जरा खाली धरायचं. घेतलेलं कार्ड वाचायचं, मग मीटिंग संपेपर्यंत टेबलावर समोरची माणसं बसलीत त्याच क्रमानं मांडून ठेवायचं. आपल्याकडचे चांगले चांगले इंजिनिअर ते न बघता शर्टच्या खिशात टाकतात, नाहीतर पॅन्टच्या मागच्या खिशात ठेवून त्यावर बसतात, तेव्हा मला समोरच्यांचे चेहरे दिसतात हो. चाकणवाल्या दादांनी सांगितलं तसं लिहायचं ते नंतर, त्यांच्यासमोर अजिबात नाही.

मागच्या बाजूला नाव काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत, छापून घेतलं तर फार बरं. त्यांच्याकडे र आणि ल ला एकच अक्षर आहे, लेले आडनाव रेरे असं ऐकू येतं, छापलेलं असलं की निदान सगळे एकसारखं वाचतात.

कोल्हापूर_प्रेस
माझी प्रेस आहे, छपाईचं तेवढं सांगतो. ग्लॉस लॅमिनेशन दोन्हीकडून करू नका, बॉलपेन घसरतंय त्यावर, मग समोरच्यानं तुमच्याबद्दल लिहायचं कुठं? ३०० जीएसएमचा, म्हणजे जाडसर, साधा कागद घ्या, मागची बाजू कोरी ठेवा. क्यूआर टाकणार असाल तर २ सेंटीमीटरपेक्षा बारीक नको, आणि छापायच्या आधी प्रुफावर दोन-तीन फोननं स्कॅन करून बघा. नंबर एकच टाका पण जो उचलला जातो तो टाका. पोरं तीन नंबर, दोन ईमेल, जीएसटी नंबर सगळं कोंबत्यात आणि अक्षर एवढं बारीक होतंय की पन्नाशीच्या माणसाला वाचता येत नाही, आणि ऑर्डर देणारा माणूस बहुतेक पन्नाशीचाच असतोय बघा. पहिल्यांदा दोनशेच छापा, हजार स्वस्त पडतंय म्हणून घेऊ नका, पत्ता बदलला की गठ्ठा वाया.

भोसरीकर_व्हीएमसी
सगळ्यांचे मनापासून आभार. सत्तरही कार्डं जमिनीवर मांडली, भाऊ आणि मी बसून आठवत गेलो, बावीस जणांबद्दल काहीतरी आठवलं. त्या बावीस जणांना फोन केले. नऊ जणांनी परचेसचा नंबर दिला. हाउसिंगवाला सापडला नाही, पण रांजणगावच्या एकानं ब्रॅकेटचं ड्रॉइंग पाठवलंय, ट्रायलला ४० नग. आज रात्री कोटेशन द्यायचंय. चाकणवाले दादा, फिक्श्चरचा (पार्ट मशीनवर पकडून ठेवायच्या साच्याचा) खर्च पार्टच्या रेटमध्ये धरू का वेगळा दाखवू?

चाकण_परचेस
वेगळा दाखवा. ४० नगात धरलात तर रेट फुगतो आणि पुढच्या लॉटला भांडण होतं. आणि ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात किती फरक चालतो ते) कुठं टाइट आहे ते बघून त्याबद्दल एक तरी प्रश्न विचारा त्यांना, आजच.