जुन्या बाजारातला गरुड: पायलटचाच बिल्ला का?

लाइपझिगकर
मंडळी, रविवारी इथल्या जुन्या बाजारात ७० युरोला एक बिल्ला घेतला. विकणाऱ्या आजोबांनी स्वस्तिकावर गोल स्टिकर लावला होता, तो घरी येऊन काढला. 'लुफ्तवाफेच्या (दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन हवाई दलाच्या) पायलटचा,' म्हणाले. लंबगोल पानांची माळ, मधे गरुड. पण गरुडाच्या पायात विजा आहेत आणि स्वस्तिक खाली माळेच्या बुडाशी. रंग राखाडी, पार मेलेला. मागे उभी पिन, बारीक अक्षरांत बी.एस.डब्ल्यू. बायकोने अजून किंमत विचारलेली नाही. तेवढ्यात सांगा, खरा का?

जुनीनाणी
आजोबा चुकले. पायलटच्या बिल्ल्यात गरुड स्वस्तिकच पायात धरून उडतो. विजा म्हणजे रेडिओ ऑपरेटर आणि गनर. स्टुका या जर्मन बॉम्बर विमानात माणसं दोनच. मागचा शेपटीकडे तोंड करून बसायचा, रेडिओही त्याचा आणि मशिनगनही त्याचीच. १९४२ मध्ये नुसत्या गनरसाठी बिनविजांचा बिल्ला निघाला, म्हणून आधी पाय बघायचे.

राखाडीला घाबरू नका. युद्ध लांबलं तसं जस्त वापरात आलं, त्यावरचा मुलामा टिकत नाही. बी.एस.डब्ल्यू. म्हणजे व्हिएन्नाचे ब्रूडर श्नायडर. पण अक्षरांवर भाळू नका, नक्कलवालेही तीच ठोकतात. मी एकदा शिक्का बघून पायलटचा घेतला. घरी भिंग लावलं तर रिव्हेट (गरुड माळेला जोडणारे छोटे खिळे) नुसते दिखाव्याचे, गरुड-माळ सगळं एकाच ओतकामात! आठवडाभर कुणाशी धड बोललो नाही.

तुमचा उलटा करा. गरुड वेगळा असतो, पंखांमागे दोन रिव्हेट. बाजूने टॉर्च मारा, फट दिसते? पिसांच्या रेघा नखाला लागतात?

लाइपझिगकर
रिव्हेट दोन, चपटे, डावा जरा तिरका. पंखाखाली केसाएवढी फट, त्यात काळा मळ. रेघा लागतात. चुंबक पिनेला चिकटतो, बिल्ल्याला नाही. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला, म्हणाली चिंच लाव, लख्ख निघेल.

जुनीनाणी
अहो, चिंच समईला! आंबट जस्ताला खातं, उरलासुरला मुलामाही जाईल. मळाला हात लावू नका. तिरका रिव्हेट मला आवडला. पिनेच्या बिजागरीचा जवळून फोटो टाका, मग बोलतो.

सातारी_माणूस
नंतर बनवलेला, १९५७ चा तर नसेल?

जुनीनाणी
नाही. १९५७ च्या कायद्याने जुन्या सैनिकांना बिल्ले लावायची मुभा मिळाली, पण स्वस्तिक काढून. यावर ते आहे. आणि लाइपझिगकर, घरात ठेवायला हरकत नाही, पण लोकांना दिसेल असं मिरवू नका. जर्मन दंडसंहितेचं कलम ८६ए अशी चिन्हं जाहीर दाखवायला मनाई करतं, आजोबांचा स्टिकर त्यासाठीच.

लाइपझिगकर
स्टिकर परत लावला. बिजागरीचा फोटो रात्री, बायको झोपल्यावर.