मदत हवी आहे: जपानचा संरक्षण खर्च जीडीपीच्या 1.4, 1.6, 1.8 की 2 टक्के?

पानगळ:
बदलत्या सत्तासमतोलाला जर्मनी आणि जपान कसे तोंड देताहेत, याचा तक्ता करतोय. जर्मनीचं जमलं, जपानपाशी गाडी अडली. सिप्री या स्टॉकहोमच्या संशोधन संस्थेच्या 2024 च्या आकड्यांत जर्मनी 1.9 आणि जपान 1.4 टक्के. जपान सरकार 2025 साठी 1.8 म्हणतं, एका लेखात 1.6 आहे. आणि 24 ऑक्टोबर 2025 च्या भाषणात पंतप्रधान ताकाइची म्हणाल्या की 2 टक्के याच आर्थिक वर्षात गाठू, म्हणजे ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधी. कुठला आकडा धरू? आणि नाटोच्या 5 टक्क्यांच्या उद्दिष्टाशेजारी तो ठेवायचा कसा?

जुना_जमाखर्च:
चारही बरोबर आहेत, फक्त छेद बघा. डिसेंबर 2022 मध्ये किशिदा सरकारने तीन सुरक्षा दस्तऐवज मंजूर केले, तेव्हा 2 टक्क्यांचं उद्दिष्ट 2022 च्या जीडीपीवर बेतलं. तो साधारण 560 लाख कोटी येन. 2025 ची एकूण तरतूद 9.9 लाख कोटी, भागाकार 1.8. तेच 9.9 आर्थिक वर्ष 2025 च्याच जीडीपीने, म्हणजे सुमारे 630 ने भागा, 1.6 येतं. पुरवणी अंदाजपत्रकातले 1.1 लाख कोटी मिळवले की अंश 11 होतो. 560 ने भागलं तर 2 टक्के गाठले, 630 ने भागलं तर गाडी 1.75 वरच. उद्दिष्ट गाठलं ते गोठवलेल्या छेदाच्या जिवावर!

अंशातही ग्यानबाची मेख आहे. 9.9 मध्ये तटरक्षक दल, संशोधन, बंदरं-विमानतळ, सायबर सुरक्षा हे सगळं धरलंय. अमेरिकी तळांच्या फेररचनेसकट मूळ संरक्षण अंदाजपत्रक 8.7 लाख कोटी. सिप्री कॅलेंडर वर्ष आणि त्याच वर्षाचा जीडीपी धरते, म्हणून तिचा आकडा खाली.

तिठा:
जपानी कागद थेट वाचत असाल तर एककं सांभाळा. 'चो' म्हणजे बरोब्बर एक लाख कोटी, तिथे आपली सोय आहे. पण 'ओकू' म्हणजे 10 कोटी. ओकूला कोटी समजलात तर 87,000 ओकूचं अंदाजपत्रक दहापट लहान होतं. आर्थिक वर्ष आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च.

डॉलरचा रकाना तर काढूनच टाका. 2023 ते 2027 साठी 43 लाख कोटी येन ठरले तेव्हा पुढच्या वर्षांसाठी डॉलरला 108 येन असा दर धरला होता. प्रत्यक्षात दर 150 च्या आसपास गेला. टोमाहॉक क्षेपणास्त्रांसारखी आयात महागली, आणि डॉलरमध्ये मोजलं तर येनमधली वाढ बरीच कमी दिसते.

खिडकीशेजारी:
"जर्मनीचं जमलं" म्हणताय, पण दोन खिसे मोजलेत का? 2024 मध्ये संरक्षण खात्याचे सुमारे 5,200 कोटी युरो, आणि 2022 च्या 10,000 कोटींच्या विशेष निधीतून आणखी जवळपास 2,000 कोटी. नाटोला कळवताना इतर खात्यांतला संबंधित खर्चही धरतात. एकाच खिशाचा आकडा लावलात तर जर्मनी उगाच कंजूष दिसेल.

राजकारणाचा खरा फरक तक्त्याबाहेर आहे, तो तळटीपेत घ्या. जर्मनीने राज्यघटना बदलली: मार्च 2025 पासून जीडीपीच्या 1 टक्क्यावरचा संरक्षण खर्च कर्जमर्यादेतून मोकळा. तेही फेब्रुवारीत निवडून आलेली नवी संसद बसण्याआधी, जुन्या संसदेकडून, कारण नव्या संसदेत अतिउजवा एएफडी आणि डावा पक्ष मिळून दोन तृतीयांश बहुमत अडवू शकले असते. जपानने करांची वाट धरली. एप्रिल 2026 पासून कंपनी कर आणि तंबाखू कर वाढवायचं ठरलं. उत्पन्न कराचा निर्णय मात्र 2024 अखेर पुढे ढकलला. मतदाराच्या खिशाला हात घालायची वेळ आली की सगळेच जपून.

पानगळ:
धन्यवाद, खिसे एकत्र करतो. नाटोचं काय?

जुना_जमाखर्च:
जून 2025 च्या हेग परिषदेतले 5 टक्के म्हणजे 2035 पर्यंत 3.5 थेट संरक्षणावर आणि 1.5 पायाभूत सुविधा, सायबर वगैरेंवर. म्हणून ढोबळमानाने 8.7 लाख कोटींची तुलना 3.5 शी करा आणि सगळ्या मिळून 9.9 ची 5 शी. छेद दोन्हीकडे त्याच वर्षाच्या जीडीपीचा. 8.7 भागिले 630, म्हणजे 1.4. जपान नाटोचा सदस्य नाही, हे शीर्षकाखाली लिहा, नाहीतर उद्दिष्ट त्याच्यावर बंधनकारक आहे असा समज होईल.

पानगळ:
शेवटचं. पुरवणीतले पैसे 31 मार्च 2026 पर्यंत संपले नाहीत तर?

तिठा:
परवानगीने पुढच्या वर्षात नेता येतात. रकान्याला 'खर्च' नको, 'तरतूद' लिहा.