मदत हवी आहे : गोचीड चावली, चट्टाही उठला, पण लाइमचं (गोचिडीतून होणारा जिवाणूंचा आजार) निदान लटकलंय

भावाला (वय ३४) ९ आठवड्यांपूर्वी जंगलात फिरताना गुडघ्यामागे गोचीड चावली. खसखशीएवढी, दुसऱ्या दिवशी आंघोळीत दिसली. दहाव्या दिवशी तिथे लाल चट्टा आला. खाज नाही, दुखणं नाही, पण आठवड्यात तळहाताएवढा पसरला. शेजारी पेन ठेवून फोटो काढलेत, तेवढी अक्कल सुचली.

आधी गजकर्ण समजून मलम मिळालं. दुसऱ्या डॉक्टरांनी पंधराव्या दिवशी लाइमसाठी एलायझा (रक्तातल्या अँटीबॉडी शोधणारी तपासणी) केली, निगेटिव्ह आली आणि विषय मिटला. अँटीबॉडी तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणजे ती तपासणी घाईचीच झाली. मध्ये खोकल्यासाठी ५ दिवस डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिकही झालं.

आता तोच गुडघा सुजलाय, थकवा आहे. ताप, धडधड, चेहरा वाकडा होणं यातलं काही नाही. आरए फॅक्टर, एएनए (संधिवातासाठीच्या रक्ततपासण्या), युरिक ॲसिड, थायरॉइड नॉर्मल. गेल्या आठवड्यात एलायझा काठावर. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (खात्रीसाठीची पुढची अँटीबॉडी तपासणी) आयजीएम (आधी येणाऱ्या अँटीबॉडी) पॉझिटिव्ह, आयजीजी (नंतर येणाऱ्या) निगेटिव्ह.

अंदाजाने औषध सुरू करायचं नाहीये. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. घरगुती उपाय कृपया नकोत.

इतक्या उशिरा नुसतं आयजीएम धरतात, की ते खोटं पॉझिटिव्ह मानतात? त्या ५ दिवसांच्या गोळ्यांनी आयजीजी दबलं असेल का? गुडघ्यातल्या पाण्याची पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणारी तपासणी) मागावी का, आणि त्यासाठी आधी संसर्गरोगतज्ज्ञ गाठावा की संधिवाताचा डॉक्टर?