मदत हवी आहे: एम-थ्रीचं (इंजिनिअरिंग मॅथ्स-३) व्हेक्टर कॅल्क्युलस, तेही फर्स्ट इयर न करता

ड्रॉइंगबोर्ड

नमस्कार मंडळी. मेकॅनिकलला आहे, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलो. डिप्लोमाचं गणित पहिल्याच वर्षी संपलं. इंटिग्रेशन केलंय, पण एका व्हेरिएबलचं. पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि डबल-ट्रिपल इंटिग्रल बाकीच्या वर्गाला एम-वन, एम-टूमध्ये भेटली. मला थेट एम-थ्रीत. सर "हे तुमचं फर्स्ट इयरला झालंय" म्हणतात आणि फळ्यावर लिमिट्स लिहून मोकळे होतात. आम्ही डिप्लोमावाले एकमेकांची तोंडं बघतो. एंडसेमला सात आठवडे आहेत. संध्याकाळी वर्कशॉपला जातो, त्यामुळे क्लास लावणं जमणार नाही.

सूत्रं पाठ आहेत. ग्रॅडिएंट (चढ), डायव्हर्जन्स (बाहेर पसरणं), कर्ल (गोल फिरणं) झोपेतून उठवलं तरी काढीन. गाडी अडते ती त्याच्या पुढे. तीन उदाहरणं देतो. (मोबाइलवरून लिहितोय, चिन्हं उमटत नाहीत, म्हणून सगळं अक्षरांत. सांभाळून घ्या.)

एक: ई रेज्ड टू वाय वर्ग, याचं डबल इंटिग्रल. आतलं वायचं, एक्सपासून १ पर्यंत. बाहेरचं एक्सचं, ० पासून १ पर्यंत. मित्राच्या वहीत "ऑर्डर बदलून" एवढंच लिहून पुढे भलतीच लिमिट्स आहेत. मी डीएक्स-डीवायची अदलाबदल केली, लिमिट्सचीही केली. तर बाहेरच्या लिमिटमध्येच एक्स येऊन बसला.

दोन: ३ त्रिज्येचा अर्धगोल, झेड शून्याच्या वरचा. एफ म्हणजे एक्स आय + वाय जे + (झेड + २) के. फक्त वक्र पृष्ठभागातून बाहेर जाणारा फ्लक्स, म्हणजे एकूण प्रवाह, काढा. डायव्हर्जन्स ३, घनफळ १८ पाय, म्हणून ५४ पाय लिहिलं. उत्तर ७२ पाय दिलंय. गंमत म्हणजे वर्गात हाच अर्धगोल झाला होता, फक्त तिथे झेडला २ मिळवलेले नव्हते, आणि माझी हीच रीत तिथे बरोबर आली होती.

तीन, आणि याने झोप उडवली आहे: एफ म्हणजे (वजा वाय आय + एक्स जे), भागिले (एक्स वर्ग + वाय वर्ग). कर्ल शून्य आला. म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह (कुठल्याही बंद वाटेवर शून्य देणारं), म्हणजे वर्तुळाभोवतीचं लाइन इंटिग्रल शून्य. टेस्टमध्ये ५ पैकी १ मिळाला. घरी येऊन एक्स = कॉस टी, वाय = साइन टी घालून केलं, तर २ पाय येतं. तीनदा केलं. दोन्ही बरोबर कसं असेल?

आणि फर्स्ट इयरचं नेमकं काय-काय भरून काढू, तेही सांगा.

खडू_फळा

अरे, एवढं लिहिलंस आणि आकृतीचा एकदाही उल्लेख नाही! तीस वर्षं पेपर तपासले, निम्म्या पोरांचे मार्क इथेच जातात.

पहिल्या उदाहरणात वाय = एक्स, वाय = १ आणि एक्स = ० या तीन रेषा काढ. त्रिकोण मिळतो. दिलेली लिमिट्स उभ्या स्ट्रिपची आहेत: स्ट्रिप खाली वाय = एक्सला टेकते, वर वाय = १ ला. आता तोच त्रिकोण आडव्या स्ट्रिपने काप. ताटात थापलेली वडी उभी कापा नाही तर आडवी, वडी तेवढीच. आडवी स्ट्रिप डावीकडे एक्स = ० ला सुरू होते आणि उजवीकडे एक्स = वायला संपते. मग वाय ० ते १. आतल्या इंटिग्रलमधून नुसता वाय बाहेर पडतो, तो ई रेज्ड टू वाय वर्गाच्या शेजारी येऊन बसतो, आणि अडलेलं इंटिग्रल एका सबस्टिट्यूशनमध्ये सुटतं. उत्तर (ई वजा १) भागिले २.

लिमिट्सची अदलाबदल नुसती आकडे इकडचे तिकडे करून होते ती फक्त चारही लिमिट्स आकडे असतील तेव्हा. नाही तर आकृतीतून नव्याने वाचायची.

बॅकबेंचर_७७

भावा, मागच्या पाच वर्षांचे पेपर काढ, तेच प्रश्न फिरवून येतात. पाठ कर आणि सूट. मी तसाच सुटलो.

फिजिक्सवाली

सुटेल, पण पुढे फ्लुइड मेकॅनिक्समध्ये हेच डायव्हर्जन्स आणि कर्ल परत दारात उभे राहतील.

ड्रॉइंगबोर्ड, तुझं दुसरं: गॉसचं थिअरम (डायव्हर्जन्सवरून फ्लक्स काढायचं, तू वापरलंस तेच) बंद पृष्ठभागालाच लागतं. अर्धगोल म्हणजे पालथी घातलेली वाटी, तिला खालून चकती लावल्याशिवाय ती बंद होत नाही. तुझे ५४ पाय म्हणजे वाटी आणि चकती मिळून. चकतीतून जाणारा फ्लक्स वेगळा काढ आणि वजा कर. वर्गातल्या उदाहरणात चकतीवर झेड शून्य, म्हणून तिचा वाटाही शून्य. तुझी चूक तेव्हाही होतीच, पकडली गेली नाही इतकंच.

तिसरं मला फार आवडतं. दोन्ही आकडेमोडी बरोबर आहेत. मधली "म्हणजे" चूक आहे. ओरिजिनला भाजक शून्य होतो, तिथे एफ अस्तित्वातच नाही. कर्ल शून्य आला तो ओरिजिन सोडून. तुझं वर्तुळ नेमकं त्या भोकाभोवती फिरतं, आणि ग्रीनच्या थिअरमला (कर्लवरून बंद वाटेचं लाइन इंटिग्रल देतं ते) आतला सगळा प्रदेश धड लागतो.

या फील्डचं पोटेन्शियल (ज्याचा ग्रॅडिएंट घेतला की हे फील्ड मिळतं ते) शोधायला गेलास तर मिळतो तो कोन, थीटा. घाण्याचा बैल एक फेरी मारून त्याच जागी येतो, पण तोवर कोन २ पायने वाढलेला असतो. म्हणून जागेवरून पोटेन्शियलची एकच किंमत ठरत नाही. घाणा आत न घेता शेतात कुठेही वळसा घेऊन ये, उत्तर शून्य. सरळ लांब तारेतून करंट गेला की तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र अगदी याच आकाराचं असतं. भोकात तार आहे, एवढंच.

खडू_फळा

फिजिक्सवाली ताईंनी छान सांगितलं. जाता जाता, स्टोक्सने त्याच्या नावाचं थिअरम (ग्रीनच्या थिअरमचंच वक्र पृष्ठभागावरचं रूप) १८५४ साली केंब्रिजच्या स्मिथ प्राइझच्या परीक्षेत प्रश्न म्हणून घातलं होतं. परीक्षार्थींत मॅक्सवेल होता. त्याआधी केल्विनने ते पत्रातून स्टोक्सला कळवलं होतं.

फर्स्ट इयरचं सगळं करत बसू नकोस. पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि चेन रूल, डबल इंटिग्रलची लिमिट्स, पोलर आणि स्फेरिकलमध्ये जाताना येणारा जेकोबियन (व्हेरिएबल बदलताना गुणायचा जादा घटक), बस. त्यातही निम्मा वेळ लिमिट्सना दे. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर १८.०२ हा कोर्स फुकट आहे, त्यातली डबल इंटिग्रलची लेक्चर्स बघ. पृष्ठभाग डोळ्यांसमोर येत नसेल तर मोबाइलवर जिओजेब्रा थ्रीडी टाक.

ड्रॉइंगबोर्ड

सर, ताई, खूप आभार. काल रात्री अर्धगोल परत केला. पहिल्यांदा ३६ पाय आलं, म्हटलं आता काय! मग दिसलं की चकतीचा नॉर्मल (तिला लंब असलेली दिशा) मी वरच्या बाजूला धरला होता. बाहेर म्हणजे तिथे खाली. फ्लक्स वजा १८ पाय, तो ५४ मधून वजा केला आणि ७२ आलं. शेजारच्या बेंचवाल्या दोघांचंही ३६च आलं होतं, त्यांनाही दाखवलं.

घाण्याचा बैल वहीत काढून ठेवलाय. आता पोलरमध्ये डीएक्स डीवायच्या जागी जो जादा आर येतो, त्याच्याशी झुंजतोय. अडलो तर इथेच विचारतो.