तुरीवर फवारणी चालू असताना सातेरीच्या (देशी मधमाशीच्या) पेट्या बंद ठेवायच्या का?

हुक्केरीकर: बांधावर सातेरीच्या 6 पेट्या आहेत. शेजारची तूर फुलोऱ्यात आहे, घाटेअळीसाठी सकाळी 9 वाजता औषध मारायलेत. दारापुढं माश्यांचा सडा पडतोय, जीभ बाहेर आलेली. डब्यावर हिरवा त्रिकोण आहे म्हणून शेजारी निर्धास्त आहेत. पेट्या किती वेळ बंद ठेवू?

रानफूल_खानापूर: जीभ बाहेर आणि एकदम सडा, म्हणजे बहुधा विषबाधाच. त्रिकोणाचा मधमाशीशी संबंध नाही. तो सस्तन प्राण्यांवरच्या विषारीपणावरून ठरतो. हिरवा म्हणजे तोंडावाटे घातक मात्रा (निम्मे प्राणी मरतील एवढी) वजनाच्या किलोमागे 5000 मिलिग्रॅमच्या वर, एवढंच. माशीबद्दलची सूचना आतल्या माहितीपत्रकात असते, ती वाचून दाखवा. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचे काही नॅनोग्रॅम पोटात गेले तरी माशी मरते. 2018 मध्ये युरोपीय संघानं उघड्या शेतात त्याचा वापर बंद केला.

आतली पिल्लं आणि कोवळ्या माश्याही मरायला लागल्या तर विष परागातून आत आलंय असं समजा. पराग साठवलेले पोळे काढून टाका, 1:1 साखरपाणी द्या.

पेटीवाला, चिकोडी: बंद ठेवायची तर आदल्या रात्री, सगळ्या माश्या आत आल्यावर. दाराला जाळी लावा, कागद कोंबू नका. वर ओलं गोणपाट, सावली, आत पाणी. पण एका दिवसापेक्षा जास्त नको. आत गरमा वाढून पोळं ढासळतं, आणि सातेरी चिडली की पेटी सोडून जाते. बऱ्याच औषधांचा अंश फुलावर त्याहून जास्त टिकतो, म्हणून मी तर हलवाच म्हणेन. रात्री, किमान 3 किलोमीटर लांब. दोनशे मीटरवर ठेवल्या तर चरणाऱ्या माश्या जुन्या जागीच परततात आणि तिथंच घुटमळून मरतात.

रानफूल_खानापूर: अगदी बरोबर. शेजाऱ्यांना एवढंच पटवा, दादा: फवारणी सूर्यास्ताच्या सुमारास करा. घाटेअळीचा विषाणू (एचएएनपीव्ही, हेक्टरी 500 एलई, म्हणजे तेवढ्या रोगट अळ्यांतून मिळणारा विषाणू) माशीला अपाय करत नाही, आणि उन्हानं निकामी होतो, म्हणून तोही संध्याकाळीच मारायचा असतो. हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावले की पतंग कधी वाढले ते कळतं, उगाच फवारणी होत नाही. कीटकनाशकात प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक मिसळू देऊ नका. ते माशीची विष पचवायची ताकदच रोखतं.

हुक्केरीकर: आज रात्रीच हलवतो. माहितीपत्रक घेऊन उद्या शेजाऱ्यांच्या बांधावर जातो.