इन्सुलिनची गोळी अजून का नाही?

निशिगंध: आई रोज इन्सुलिन टोचून घेते. पोटावर आता कडक गाठी झाल्यात, जागा शोधावी लागते. पोटातल्या आम्लात इन्सुलिन टिकत नाही असं वाचलं. मग आम्लात न विरघळणारं आवरण चढवलं की झालं ना?

रेणूवेडी: आम्लाचं काम आवरणाने भागतं. अडतं पुढे. लहान आतड्यात ट्रिप्सिनसारखी विकरं प्रथिनं तोडायलाच बसलेली असतात. त्यांच्यातून वाचलं तर चिकट श्लेष्मा, आणि त्याखाली पेशींचा थर. थर एकच, पण पेशींमधले सांधे इतके घट्ट की इन्सुलिनएवढा रेणू सहसा शिरत नाही. त्याचा रेणुभार सुमारे ५८०० आहे. गोळीतून सहज शोषली जाणारी औषधं बहुतेक ५०० च्या आतली.

मी याच सांध्यांवर काम करते. कॅको-२ पेशी (आतड्याच्या अस्तरासारख्या वागणाऱ्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या पेशी) सच्छिद्र पडद्यावर साधारण २१ दिवस वाढवतो, मग दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड बुडवून विद्युतरोध मोजतो. द्रावातलं कॅल्शियम काढून घेतलं की आकडा धाडकन उतरतो, म्हणजे सांधे सुटले. कॅल्शियम परत घातलं की तो हळूहळू चढू लागतो, आणि ते चढणं बघायला मला फार आवडतं. सांधे उघडणारी रसायनं भरपूर आहेत. हवं तेवढंच उघडून लगेच मिटणारं काहीतरी हवंय, नाहीतर औषधामागून जिवाणूंची विषंही आत जातील.

अनिकेत_फार्मा: पण सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या औषधाची गोळी २०१९ मध्ये आली की! तेही इन्सुलिनसारखं पेप्टाइडच, म्हणजे छोटं प्रथिन.

रेणूवेडी: आली, आणि मोठंच काम झालं ते. त्यात स्नॅक नावाचं सहायक द्रव्य आहे आणि शोषण जठरातच होतं. तरी रक्तात पोचतं जेमतेम १ टक्का. ते चालतं, कारण औषध शरीरात आठवडाभर रेंगाळतं. आज कमी, उद्या जास्त शोषलं तरी सरासरी सांभाळली जाते. इन्सुलिनला ही सवलत नाही. एखाद्या दिवशी दुप्पट शिरलं तर साखर एकदम उतरेल, जिवावर बेतेल.

म्हणून मला अमेरिकेतल्या एमआयटीची वाट जास्त पटते. २०१९ मध्ये त्यांनी कासवाच्या पाठीच्या आकाराची कॅप्सूल केली. जठरात ती कशीही पडली तरी आपोआप सरळ होते आणि वाळवलेल्या इन्सुलिनची बारीक सुई जठराच्या भिंतीत खुपसते. डुकरांवर जमलंय.

निशिगंध, आईंना त्या गाठींवर टोचू देऊ नका. तिथून इन्सुलिन कमीजास्त शोषलं जातं. जागा रोज बदला आणि गाठी डॉक्टरांना दाखवा. चांगल्या जागी टोचू लागल्यावर डोस कमी करावा लागू शकतो, तेही त्यांनाच विचारा.