फाशीची शिक्षा चुकीच्या माणसाला झाली तर?

विधी शाखेची विद्यार्थिनी, सोलापूर :
दर 12 जानेवारीला आपण सोलापूरकर मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना अभिवादन करतो. 1931 साली येरवड्यात दिलेली ती फाशी अन्याय्य होती, याबद्दल गावात दुमत नाही. मात्र आजच्या न्यायालयाने दिलेल्या फाशीबद्दल बोलणे निघाले की सत्र न्यायालय, उच्च न्यायालयाची पुष्टी, सर्वोच्च न्यायालय, पुनर्विलोकन आणि राष्ट्रपतींकडील दयेचा अर्ज इतक्या चाळण्यांतून निरपराध माणूस फासापर्यंत जाऊच शकत नाही, असे वर्गातील बहुतेकांचे म्हणणे पडले. हे खरे मानावे का?

फौजदारी वकील, सोलापूर :
1931 चा खटला परकी राजवटीचा होता, त्यामुळे तो बाजूला ठेवू. जालना जिल्ह्यातील 2003 चे प्रकरण वाचा. दरोडा, खून आणि बलात्काराच्या त्या गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा जणांना दोषी ठरवले गेले. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कमी करून जन्मठेप केली होती; 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा फाशीवर नेली आणि सहाही जणांना फाशी कायम झाली. पुढे त्यांच्यातील एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचे निष्पन्न झाले. मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी 5 लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने सुरुवातीला पोलिसांच्या छायाचित्रांतून वेगळेच चौघे ओळखले होते, पण त्यांचा तपासच झाला नाही. ही गोष्ट सुरुवातीपासून कागदावर असूनही आरोपी प्रत्येक चाळणीत अडकत गेले, कारण वरचे न्यायालय साक्षीदार नव्याने तपासत नाही, खालून आलेले कागदच पाहते. तपासातच खोट असेल तर पुढची न्यायालये वाढवून ती भरून निघत नाही.

निवृत्त पोलीस अधिकारी, होटगी रोड :
वकीलसाहेब, एक प्रकरण हाती घेऊन अख्ख्या पोलीस दलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका. ती चूक शेवटी न्यायालयानेच दुरुस्त केली, हेही मान्य करा. 1980 पासून फाशी दुर्मिळातील दुर्मिळ गुन्ह्यालाच द्यायची असा दंडक आहे. ज्या घरातली लेकरे मारली गेली, त्यांच्या दारात उभे राहून आरोपीच्या हक्कांवर बोलणे अवघड असते. मी उभा राहिलो आहे. शिवाय जन्मठेप झालेला माणूस चौदा वर्षांनी गावात परत येतो, हे कुणी सहन करायचे?

फौजदारी वकील, सोलापूर :
साहेब, दुःखाबद्दल वाद नाही. पण चूक दुरुस्त झाली ती केवळ ते सहा जण तोवर जिवंत होते म्हणून. इंग्लंडमध्ये टिमोथी इव्हान्सला 1950 मध्ये फासावर चढवल्यानंतर त्याच घरात राहणारा शेजारी खुनी निघाला. त्याला 1966 मध्ये माफी मिळाली तेव्हा ती घ्यायला तो नव्हता. दुर्मिळातील दुर्मिळ हा निकषही न्यायासनावर कोण बसले आहे त्यावर हलतो. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच आपले काही जुने निकाल या निकषाला सोडून झाल्याचे मान्य केले, आणि त्यांतील दोन निकालांनुसार तोवर फाशी देऊनही झाली होती. त्यानंतर 2012 मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून उरलेल्या कैद्यांची फाशी रद्द करण्याची विनंती केली. 2015 मध्ये विधी आयोगाने दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्धाचे गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली. मला तो अपवादही पटत नाही, कारण अशाच खटल्यांत लोकांचा रोष आणि तपासावरचा दबाव सर्वाधिक असतो.

विद्यार्थिनी :
सर, मग चौदा वर्षांच्या मुद्द्याचे काय?

फौजदारी वकील, सोलापूर :
चौदा वर्षांनी आपोआप सुटका होते हा गैरसमज आहे. जन्मठेप कायद्याने आयुष्यभराचीच असते, सूट देणे सरकारच्या हाती असते. शिवाय ठरावीक वर्षे किंवा मरेपर्यंत ही सूट मिळू नये, अशी शिक्षा वरिष्ठ न्यायालये देऊ शकतात, हे 2008 मध्ये मान्य झाले आणि 2015 मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

निवृत्त पोलीस अधिकारी :
तशी जन्मठेप खरोखर अमलात येणार असेल, तर फाशीचा माझा आग्रह राहणार नाही. त्या घरच्या लोकांचा राहील.